पोलंडचा तिसरा गोलकीपर

आमचं घर एका बैलाचं होतं. ज्यांच्या दावणीला कायम जोडी उभी असते, त्यांना हे दुखणं कळायचं नाही. एका बैलावर नांगर चालत नाही. मग वाडीतलं दुसरं एका बैलाचं घर गाठायचं, त्यांचा एक नि आपला एक अशी जोडी जुळवायची, आणि आज त्यांच्या खाचरात चिखलणी, उद्या आपल्या, असं पाळीपाळीनं काम उरकायचं. याला आमच्याकडे वारंगुळा म्हणतात. ऐकायला छान वाटतं. पण ज्याचा बैल दांडगा त्याची पाळी आधी, आणि आमचा बैल कधीच दांडगा नव्हता. आमची भातलावणी सगळ्या वाडीत शेवटची. तोवर रोप पिवळं पडलेलं असायचं, आणि कापणीला निम्मी लोंबी पळंज, दाण्याविना पोकळ, निघायची.

वाडी वेल्ह्याकडच्या पाली गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. रस्ता नव्हता. आजारी माणूस घोंगडीच्या झोळीत घालून खाली न्यावा लागे. रविवारी गड चढायला येणाऱ्या लोकांना आई ताक विकायची. ते लोक वर चढताना म्हणायचे, “काय सुंदर जागा आहे हो तुमची!” आई म्हणायची, “व्हय, बघायला लई झ्याक.” आणि न खपलेलं ताक आम्ही पुढचे दोन दिवस भाकरीबरोबर खायचो.

त्या घरातून मी भोरला वसतिगृहात राहून बी. कॉम. झाले. वाडीतली पहिली पदवीधर. हे मी सांगते तेव्हा काही लोकांना वाटतं, बाई मिरवते. मिरवतेच. माझ्या आधी आमच्या घरात कुणाला सही येत नव्हती. शिरवळच्या एका कंपनीत मला स्टोअरमध्ये नोकरी लागली, नसरापुरात खोली घेतली, आणि पहिलं काम काय केलं, तर धाकट्या भावाला जवळ ठेवून भोरच्या कॉलेजात घातलं. हिशेब सरळ होता. त्याने पदवी घ्यायची, नोकरीला लागायचं, आणि आमच्या घरातल्या माणसांचं पाळीची वाट बघत बसणं बंद व्हायचं.

भावाचा हिशेब वेगळा होता. त्याला गोलकीपर व्हायचं होतं.

हे खूळ कुठून आलं ते मला नक्की माहीत आहे, कारण ते आलं तेव्हा मी शेजारी बसून भाजी निवडत होते. तो मोबाईलवर कुठला तरी सामना बघत होता. एका उंच, काटकुळ्या, कान बाहेर आलेल्या माणसाने पेनल्टी अडवली. एका बाजूला झेपावला आणि चेंडू पायाने उडवला.

“आक्का, हे बघ! हा पोलंडचा आहे.”

“बरं.”

“याचा बाप कोळशाच्या खाणीत होता.”

“बरं. परीक्षा कधी आहे तुझी?”

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण त्या माणसाचा पुरता इतिहास त्याने शोधून काढला. पोलिश भाषेतली पानं मोबाईल इंग्रजीत करून द्यायचा, ते इंग्रजी त्याला झेपायचं नाही, मग मी मराठीत सांगायचं. दिवसभर कंपनीत नटबोल्ट मोजून आलेल्या बाईने स्वयंपाक करता करता पोलंडच्या दुसऱ्या डिव्हिजनची खबर वाचून दाखवायची! आमच्या शेजारणीला वाटायचं, मी याचा अभ्यास घेते.

त्या माणसाची कहाणी अशी. गावाकडच्या छोट्या क्लबात तो चांगला खेळला. तिथून शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला उचललं. सगळ्यांना वाटलं, झालं याचं कल्याण. पण तिथं तो तिसरा गोलकीपर. फुटबॉलमध्ये गोलात एकच माणूस उभा राहतो. तो पडला-झडला तर दुसरा. आणि दोघंही पडले तर हा तिसरा. म्हणजे दोन माणसांचे पाय मोडायची वाट बघत बसायचं. तसं ते मोडत नाहीत. हा बापडा एक हंगाम बसला, दुसरा बसला, मग क्लबने त्याला लोनवर दिला. आपला खेळाडू एका हंगामापुरता दुसऱ्या क्लबला वापरायला देतात, त्याला लोन म्हणतात. पगार, करार, सगळं मूळ क्लबकडे. माणूस मात्र दुसऱ्याकडे राबतो.

पहिल्या लोनवर तो समुद्राकाठच्या एका क्लबला गेला. तिथंही दुसराच. दुसऱ्या लोनला खेळायला मिळालं, पण तो क्लब त्याच वर्षी खालच्या डिव्हिजनला घसरला. मग जर्मनीत गेला. तिथं पहिल्याच महिन्यात गुडघा फुटला. मग सायप्रस.

“हे सायप्रस कुठं आलं आणखी?” मी विचारलं.

“बेट आहे आक्का. उन्हाळा असतो तिथं.”

“खेळला का तिथं तरी?”

“थोडा.”

“अरे, मग हा माणूस फुटबॉल खेळतो कधी?”

“तयार असतो तो,” भाऊ म्हणाला. “नेहमी तयार असतो.”

तयार असतो! आमचं सगळं खानदान चिखलाच्या बांधावर तयार उभं राहून म्हातारं झालं, आणि याला सापडून सापडून सापडला तो असला.

दिवाळीत आम्ही वाडीवर गेलो की पुन्हा तेच. आमचे आबा, म्हणजे वडील, भाऊ बोलायला लागला की मन लावून ऐकायचे. त्यांनी त्या माणसाचं नावच पाडलं होतं, पोलंडकर.

“मग पोलंडकराला औंदा पाळी घावली का?” आबा विचारायचे.

“न्हाई आबा. बाकावर हाय.”

“आरं तिच्या! दांडगा न्हाई का?”

“दांडगा हाय की. दुसरे त्याच्याहून दांडगे हाईत.”

आबा मान हलवायचे, जणू शेजारच्या वाडीतल्या कुणाची खबर आहे. आईचा प्रश्न दर वर्षी एकच. “त्याचं लगीन झालंय का?”

“झालंय गं आई.”

“मग बायकू काय म्हंती?”

हा एकच शहाणा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मोबाईलमध्ये नव्हतं.

एकदा भावाने त्या माणसाला मेसेज पाठवायचं काढलं. इंग्रजी मी लिहून द्यायचं. मी चांगल्या चार ओळी लिहिल्या. आम्ही कुठले, भाऊ काय करतो, त्यांच्याकडून काय शिकला. ‘इज’ आणि ‘आर’ दोनदा तपासलं. आठवडाभराने उत्तर आलं. एक अंगठा. बास. भावाने तो अंगठा कॉलेजात सगळ्यांना दाखवला. मी मनात म्हटलं, बाकावर बसलेल्या माणसाला चार शब्द टाईप करायला काय धाड भरली होती?

एक मात्र खरं, भाऊ चांगला खेळायचा. मला त्यातलं कळत नाही, पण कॉलेजचे सर म्हणायचे. लांब हात, आणि घाबरणं नाही. कॉलेजच्या सामन्यात पुण्याच्या एका क्लबच्या माणसाने त्याला पाहिलं आणि तिकडे बोलावलं. अख्खं घर हरखलं. वाडीत आबांनी पेढे वाटले. मी विचारलं, “तिथं कितवा?”

तो खाली बघत म्हणाला, “तिसरा.”

मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा त्याने कशीबशी दिली. तिसऱ्या वर्षाला तो पुण्यातच, एका खोलीत चार पोरं. क्लब जेवायला घालायचा, बूट द्यायचा, आणि बाकावर बसवायचा. हंगाम गेला. एकही सामना नाही. शेवटच्या वर्षाचे पेपर राहिले ते राहिलेच. फोन केला की म्हणायचा, “आक्का, पोलंडवाला पण दोन वर्षं बसला होता.”

“त्याच्या बापाला पेन्शन असेल. तुझ्या बापाला गुडघेदुखी आहे.”

मी आमच्या कंपनीतल्या साहेबांशी बोलले. स्टोअरमध्ये एक जागा होणार होती. पदवी नंतर पूर्ण केली तरी चालेल, म्हणाले. मी भावाला नसरापूरला बोलावलं, समोर जेवायला वाढलं आणि सांगितलं, “पुढच्या हंगामात एक जरी सामना खेळलास तर मी तोंड उघडणार नाही. नाही खेळलास तर बूट ठेवायचे आणि शिरवळला यायचं. कबूल?”

बराच वेळ त्याने भात कालवला, खाल्ला नाही. “कबूल,” म्हणाला.

जून उजाडला नि त्याचा फोन आला. आवाज भरलेला. “आक्का, मला कोल्हापूरला देतायत.”

“देतायत म्हणजे?”

“लोनवर. तिथला क्लब आहे. वर्षभर.”

“खेळवणार आहेत का?”

“हां. तिथं त्यांचा गोलकीपरच गेलाय सोडून.”

“मग रडतोस कशाला?”

“मी यांना नको झालोय गं.”

माझं डोकंच सटकलं. “अरे शहाण्या, तीन वर्षं तुझ्या त्या पोलंडकराच्या लोनच्या आरत्या मला ऐकवल्यास. समुद्राकाठी गेला, इकडे गेला, तिकडे गेला, काय त्याचा धीर, काय त्याची जिद्द! आता तुझ्यावर आलं तर नको झालो?”

“त्याचं वेगळं आहे.”

“काय वेगळं? त्याचे कान?”

तेव्हा कुठे हसला. जातो म्हणाला. पण कागदावर सही करायला घरचं कुणीतरी या, असं त्याने धरून ठेवलं. क्लबला त्याची काही गरज नव्हती, तो सज्ञान होता. यालाच एकट्याने सही करायचा धीर नव्हता. मी रजा टाकली. आणि इथं माझी चूक झाली. आबांना सोबत नेलं.

आबा सकाळच्या एसटीने वेल्ह्याहून निघाले. धोतर, पांढरी टोपी, आणि कोचसाठी पिशवीत घरचं तूप. क्लबचं ऑफिस मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. कोच सर चाळिशीचे, घाईतले, गळ्यात शिट्टी. त्यांनी आबांना खुर्ची दिली, चहा सांगितला, तूप घेतलं. सगळं बरं चाललं होतं. सरांनी समजावून सांगितलं, हा पोरगा वर्षभर कोल्हापूरकडून खेळेल, आमचाच राहील, वर्षाने परत येईल.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. “बरुबर हाय. आन् त्यांचा कोन हितं येनार?”

“कोण येणार म्हणजे?”

“आमचा गडी त्येंच्याकडं राबनार. त्येंचा गडी तुमच्याकडं कवा?”

सर माझ्याकडे बघायला लागले. मला कळून चुकलं आबांच्या डोक्यात काय आहे. वारंगुळा. आपला बैल त्यांच्या नांगराला गेला की त्यांचा बैल आपल्या नांगराला आला पाहिजे. नाही आला तर वाडीत पंचांपुढे जाता येतं. उभ्या जन्मात आबांनी दुसरी देवघेव पाहिलेली नव्हती.

“आबा, हितं तसं नसतं,” मी हळू आवाजात म्हटलं.

“का नसतं? आमी काय जगायेगळं मागतूय?”

“काका, त्यांच्याकडून कुणी येत नाही,” सर म्हणाले. “आम्ही फक्त देतो.”

“मंग तुमाला काय मिळतं?”

“त्याला खेळायला मिळतं.”

“त्यो त्येचा फायदा. तुमचा काय? तुमचा फायदा न्हाई, मंग तुमी त्येला परत कशापायी न्याल? दान दिल्यालं कोन परत मागतं?” आणि आबा चक्क उठले. “ह्यो यवहार न्हाई. चल रं.”

भाऊ दारात उभा. पांढराफटक. सरांचाही पारा चढला. “अहो, बाहेर पोरांची रांग लागलीय! नको असेल तर नको. ठेवतो इथंच बाकावर, काय आमचं जातंय?” म्हणून त्यांनी कागद उचलून खणात टाकला.

मला दोघांचाही असा संताप आला की काय सांगू. एकाला वारंगुळ्यापलीकडचं जग माहीत नाही, दुसऱ्याला दोन वाक्यं धड समजावून सांगायला सवड नाही, आणि ज्याचं आयुष्य खणात गेलं तो दाराला धरून उभा. आणखी एक वर्ष बाक. मग माझ्याच शब्दाने शिरवळ. मला तर बरंच झालं असतं! साहेबांना सांगून ठेवलंच होतं. उठून आबांच्या मागे चालायला लागले असते तर कुणी मला दोष दिला नसता.

पण मी भावाचं तोंड बघितलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “आबा, बसा. पोलंडकराचं दुसरं लोन आठवतंय का?”

आबा थांबले. पोलंडकर म्हटल्यावर ते थांबणारच.

“पहिल्या वेळी त्याला नुसता दिला. परत आला तर पुन्हा तिसराच. बसून राहिला. दुसऱ्या वेळी त्याने करारात घालून घेतलं, की परत आल्यावर हंगामाच्या आधीच्या सराव सामन्यात मला गोलात उभं करायचं. दुसऱ्याचा माणूस आला नाही, आबा, पण याची पाळी आली.”

“उबा क्येला का मंग त्येला?”

“केला.”

“आन् मंग?”

मग तो जर्मनीला गेला आणि गुडघा फुटला, हे मी गाळलं. “मग पुढं गेला,” म्हटलं. भावाने माझ्याकडे असं बघितलं, की याचं काहीतरी मला पुढे ऐकून घ्यावं लागणार होतं.

सरांकडे वळून मी म्हटलं, “सर, आम्हाला दुसरं काही नको. परत आल्यावर पहिल्या सराव सामन्यात हा गोलात. पुढचं त्याचं नशीब नि तुमची मर्जी. एवढं लिहून द्या.”

“करारात असलं कुणी लिहीत नाही, मॅडम.”

“मग आबांना तोंडाने सांगा. आमच्याकडे तेही चालतं.”

सरांनी शिट्टीशी चाळा केला. आबांकडे बघितलं, तुपाकडे बघितलं. मग म्हणाले, “काका, परत आला की पहिल्या सराव सामन्यात तुमचा मुलगा उभा राहील. शब्द.”

“पाळी त्येची?”

“पाळी त्याची.”

आबा बसले. कागद खणातून बाहेर आला. भावाने सही केली. आडनाव पार रेघेखाली गेलं. बाहेर आल्यावर आबा मला म्हणतात कसे, “मानूस बरा हाय. पर यवहार त्येला कळत न्हाई.” मी बसचा नंबर शोधायला लागले. उत्तर दिलं असतं तर स्वारगेटपर्यंत भांडण झालं असतं.

बसमध्ये बसल्यावर भाऊ हळूच म्हणाला, “आक्का, पोलंडवाल्याच्या करारात असं काही नव्हतं.”

“नव्हतं?”

“परत आल्यावर त्यांचे पहिले दोन्ही गोलकीपर आजारी होते, म्हणून उभा केला.”

“तूच सांगितलं होतंस.”

“मी असं नव्हतं सांगितलं.”

“मग मी बनवलं,” म्हटलं. “गप बस आता.” तीन वर्षं भाजी निवडत ऐकल्यावर थोडं इकडचं तिकडे होणारच.

कोल्हापूरला तो खेळला. पहिल्या सामन्यापासून. तिथं लोक फुटबॉलला देव मानतात आणि गोलकीपरला शिव्या देतात, त्यामुळे त्याला दोन्हींची सवय झाली. जे तोंड मी बंद ठेवायचं कबूल केलं होतं ते मी सामन्यापुरतं बंद ठेवलं. पेपरांबद्दल दर रविवारी उघडत होते. “एसटीत वाच, बाकावर वाच. बाक तर तुझा ओळखीचाच आहे.” राहिलेले विषय त्याने तिथून येऊन भोरला दिले.

मध्यंतरी मला एक वाईट सवय लागली. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर पोलंडचे निकाल बघायची. कुणी सांगितलं होतं मला? पण तो माणूस सायप्रसवरून परत स्वतःच्या गावच्या क्लबात आला होता, आणि मला उगाच वाटायचं, बघावं, आता तरी उभा केला का. कधी केलेला असायचा, कधी नाही. नाही केला की माझी भाजी अळणी लागायची. साहेबांनी एकदा विचारलं, “काय बघता एवढं?” मी सांगितलं, “नातेवाईक आहेत.”

भाऊ पुण्याला परत आला तेव्हा कोच सर शब्द विसरले नव्हते. विसरायला आबांनी दिलं नसतं. दर महिन्याला ते कुणाच्या तरी मोबाईलवरून सरांना फोन करायचे आणि विचारायचे, “पाळी ध्येनात हाय न्हवं?” सरांनी शेवटी मला फोन करून हात जोडले. पहिल्या सराव सामन्यात भाऊ उभा राहिला. सुरुवातीलाच एक गोल खाल्ला, तोही दोन पायांच्या मधून. मी मैदानाच्या कडेला उभी होते. मला वाटलं, संपलं. शिरवळची जागा अजून रिकामी आहे का, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला. आबा शेजारी म्हणाले, “चिखलात पयल्या फेरीला पाय घसरतूच.” त्यानंतर त्याने जे काही अडवलं ते अडवलं. दुसरा गोल झाला नाही. सरांनी त्याला पुढच्या सामन्यातही ठेवला, आणि त्याच्या पुढच्याही.

त्याच उन्हाळ्यात पोलंडवाल्याने खेळणं सोडलं. भावाने मला ती बातमी वाचायला लावली. त्याच्या गावचा क्लब, फुलांचा गुच्छ, बायको शेजारी. बायको होती हे आईला कळवलं. देशाच्या वरच्या डिव्हिजनमध्ये सगळ्या आयुष्यात तो खेळला ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने.

“एवढंच?” मी म्हटलं. “एवढ्यासाठी समुद्र, जर्मनी, सायप्रस, गुडघा?”

“खेळला की, आक्का.”

“तू तरी मला पुढं असलं काही वाचायला लावू नकोस.”

तो बूट बांधायला लागला. सरावाला उशीर होत होता.

यंदाच्या हंगामात माझा भाऊ पुण्याच्या त्या क्लबचा पहिला गोलकीपर आहे, आणि बी. ए.ची पदवीही त्याने घेतली आहे.